लाल तुकडा

वैजापूर
८ डिसेंबर २०२५

मोनाली बाई,

जयभीम. तू आणि तुझी पाच आठवड्यांची लेक, दोघी बऱ्या असाल.

आत्या फोन करायचा सोडून पत्र का लिहिती, असं आमचे जावईबापू सम्यकराव विचारतील. त्यांना सांग, गेल्या पावसाळ्यातल्या तापात माझे कान गेले ते गेलेच. फोन कानाला लावला की नुसती माशी घोंगावती. शेजारची दगडाबाई तिच्या मोबाईलवर तू धाडलेले फोटो दाखवती, पण फोटो आला की तिचं सगळं घर गोळा होतं आणि जो तो काहीतरी बोलतो. आपलं बोलणं असं चारचौघात मला नको वाटतं. तुझी आई गेली तवा तू सव्वा वर्षाची होतीस. तवापासून तू माझ्याजवळच वाढलीस. पत्रात कसं, आपण दोघीच असतो.

आता कामाचं. बाळाची गोधडी मीच शिवणार. नामकरण चार जानेवारीला ठरवलंय म्हणतीस, त्या दिवशी बाळ माझ्या गोधडीवर निजलं पाहिजे. अंगणवाडीतून सुटून तीन वर्षं झाली, पण हातांना अजून रिकामं बसायची सवय लागली नाय.

नक्षी मी वहीत काढलीय. लांबी दोन हात, रुंदी दीड हात. तळाला माझं जुनं पांढरं लुगडं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. वर सगळे रंगीत तुकडे. मधोमध वीतभर चौकोन, एकाच रंगाचा. त्याच्या चारी बाजूंनी त्रिकोण, टोकं बाहेर, म्हणजे किरण फुटल्यासारखे दिसतील. त्याच्या बाहेर बारीक बारीक शंकरपाळ्यांच्या दोन ओळी. काठ निळा, ते तर ठरलेलंच. तुझ्या बापाचा निळा सदरा मी ट्रंकेत जपून ठेवलाय, त्याचाच काढीन.

मधल्या चौकोनाचा रंग मात्र मी ठरवणार नाय. तो बाळानं ठरवायचा. पाकिटात तुकडे घातलेत: लाल, पिवळा, पोपटी, केशरी, जांभळा, गुलाबी, मोरपंखी. बाळ जागं आणि पोट भरलेलं असंल तवा एकेक तिच्या तोंडापुढं वीतभर लांब धर आणि हळूहळू इकडून तिकडं ने. ज्याच्यावर तिचा डोळा ठरंल तो रंग मधी. लगेच कळव, कापायला घ्यायचंय.

तुझी आत्या, मुक्ता

*

उस्मानपुरा
१४ डिसेंबर २०२५

आत्या,

जयभीम. पाकीट मिळालं. लाल. तिला लाल आवडला. तू लाल लावून टाक.

इकडं सगळं ठीक आहे. सम्यकची या महिन्यात दुसरी पाळी आहे, दुपारी वाळूजला कंपनीत जायची बस पकडतो, तो घरी येईपर्यंत बाळ झोपलेलं असतं. सुट्टीच्या दिवशी मात्र गल्लीत त्याची गाडी वळली की ही पाय झाडायला लागते. इतक्या गाड्या जातात गल्लीतून, पण हिला बापाची बरोबर ओळखू येते. कुकरची शिट्टी झाली की दचकते. मी भांडी घासताना गुणगुणत असले तर गप्प पडून ऐकते. येणारे जाणारे सगळे म्हणतात, किती शांत पोर आहे, नशीब काढलंस.

डोळे घारे आहेत. सम्यकच्या मम्मी म्हणतात, त्याच्या आजोबांवर गेलेत. त्यांचे म्हणे असेच होते. मला जरा धुरकट घारे वाटतात, पण मी काही त्या आजोबांना पाहिलेलं नाही.

आत्या, एक विचारायचं होतं. गोधडीत सगळे तुकडे सुतीच हवेत का? थोडं मखमली, थोडं जाड, रेघारेघांचं, असं हाताला वेगवेगळं लागणारं कापड घातलं तर? मी सोबत मखमलीचा तुकडा पाठवतेय, माझ्या लग्नातल्या ब्लाऊजचा उरलेला. आणि कोपऱ्यांना बारीक घुंगरू लावता येतील का? टोचणार नाहीत असे. हात लागला की वाजले पाहिजेत. रंगांचं बाकी तूच बघ. मला सध्या काही सुचत नाही. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरते, कशाला आले होते तेच विसरते.

तुला जमेल ना चार तारखेपर्यंत?

मोनाली

*

वैजापूर
१९ डिसेंबर २०२५

मोनाली,

जयभीम. मखमल मिळाली. घुंगरूही बघीन. लाल मधी घातला, भोवतीचे त्रिकोण टाचले, मग सगळे उसवले. परत टाचले, परत उसवले. टाका सरळ पडंना. सकाळी मशीनवर बसते आणि दहा मिनिटांत उठून अंगणात येते. दगडाबाई विचारती, काय हरवलं का. काय सांगू तिला.

सोबत एक वेगळा तुकडा धाडतेय. काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा, मी आत्ताच जोडलाय. म्हटलं, पाठीमागच्या बाजूला लावून बघावा. लावायच्या आधी तू तो पाळण्यावर बांध. बाळ जागं असताना हलकेच हलवून बघ आणि ती काय करती ते मला लिही. डोळे त्याच्यामागं जातात का, का दुसरीकडंच राहतात, नीट बघून लिही.

आणि दूध पाजताना ती तुझ्या तोंडाकडं बघती का? आता सहा आठवडे होऊन गेले तिला. एवढ्या वयात बघतात. तू तर तुझ्या आईच्या मांडीवरून माझ्याकडं एवढं टक लावून बघायचीस की मलाच लाजल्यासारखं व्हायचं.

हातातलं काम बाजूला ठेवून लिही.

मुक्ताआत्या

*

उस्मानपुरा
२६ डिसेंबर २०२५

आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. गोधडीच्या पाठीला काळापांढरा तुकडा कोण लावतं? तू तिला तपासायला लावतेयस मला, आणि ते सांगायचीही तुला गरज वाटली नाही.

मी तुझ्या अंगणवाडीतली बाई नाही आणि माझी मुलगी तुझ्या रजिस्टरातली नोंद नाही. ती चांगली दूध पिते, चांगली झोपते, वजन वाढतंय. डोसाला नेलं तेव्हा कुणीही काही म्हणालं नाही. दूध पिताना खिडकीकडं बघते. सगळीच बाळं उजेडाकडं बघतात. मम्मी म्हणतात, त्यांच्या घराण्यात असलं काही कधी झालेलं नाही आणि बाळाला अशा नजरेनं बघू नये. मला त्यांचं पटतं.

नामकरण घरच्या घरी करणार आहोत. एवढ्या थंडीत तू प्रवास करू नकोस. गोधडीचीही घाई नाही. राहू दे.

मोनाली

*

वैजापूर
३० डिसेंबर २०२५

मोनाली,

तू रागावलीस ते बरोबर आहे. मी सरळ लिहायला पाहिजे होतं. आता सरळ लिहिते.

पहिल्या पाकिटात लाल तुकडा नव्हताच. पाकीट टपालात टाकून घरी आले तर तो मशीनच्या पायडलखाली पडलेला. मी म्हटलं, असू दे, सहा तर गेलेत. आणि तुझं पत्र आलं, तिला लाल आवडला. मी तो लाल तुकडा हातात घेऊन ते पुन्हा वाचलं. माझी मोनाली मला खोटं कशाला लिहील? तुकडे दाखवलेच नसतील, कंटाळा केला असंल, असं मी मनाला समजावलं. पण मग तू मखमल धाडलीस, घुंगरू मागितलेस. हाताला लागणारं, कानाला वाजणारं. डोळ्यासाठी तू काहीच मागितलं नाहीस.

तुला एक गोष्ट सांगते, आजवर कुणाला सांगितलेली नाय. मी नोकरीला होते तिथं कडूबाई नावाची बाई होती, तिचा कृष्णा. तीन महिन्यांचा असताना वजनाला आणला. मी खुळखुळा वाजवला की मान वळवायचा, पण न वाजवता पुढं धरला की बघायचा नाय. बुबुळात पांढरट दिसत होतं. मी कडूबाईला म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखव. तिची सासू म्हणाली, घारे डोळे आहेत, आज्यावर गेलाय. मी रजिस्टरात लिहिलं, 'नेत्रतपासणीचा सल्ला दिला.' तारीख घातली, सही केली. झालं माझं काम.

कृष्णा तीन वर्षांचा झाला तवा गावात शिबिर झालं. डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनचा मोतीबिंदू आहे. आता काढला तरी लई उशीर झालाय. डोळ्यांनी बघायला शिकायचं असतं, आणि ते शिकायचं वय पहिल्या काही महिन्यांतच निघून जातं. तवा आणला असता तर गोष्ट वेगळी होती.

आता कृष्णा एकोणीस वर्षांचा आहे. माझ्या पावलांवरून मला ओळखतो, हसून म्हणतो, मुक्ताबाई आल्या का? कडूबाईनं मला कधी बोल लावला नाय. गावात कुणीच लावला नाय. पण मला ठाऊक आहे मी काय केलं. मी एकदाच सांगितलं. त्या सासूनं मला उडवून लावलं होतं, म्हणून दुसऱ्यांदा सांगायला जायची मला लाज वाटली.

म्हणून तुला दुसऱ्यांदा सांगते. उद्याच्या उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात ने. बाळ बरं निघालं तर मी येऊन तुझ्या सासूबाईंच्या पाया पडीन आणि म्हणीन, म्हातारीला वेड लागलं होतं. पण ने.

मुक्ताआत्या

*

वैजापूर
७ जानेवारी २०२६

जावईबापू सम्यकराव यांना मुक्ताबाईचा जयभीम.

हे पत्र आमच्या शेजारचे माऊली तुमच्या हातात देतील. ते तुमच्याच कंपनीत दुसऱ्या शेडला आहेत. टपालानं घरी धाडलं असतं तर मोनालीच्या हातात पडलं असतं.

मी तिला दोन पत्रं लिहिली, दुसऱ्याला आठ दिवस झाले, उत्तर नाय. तुमच्या मुलीला दिसत नसावं असं मला वाटतं. दुपारच्या उजेडात, ती जागी असताना, तिला खिडकीजवळ घ्या आणि तिच्या डोळ्यांच्या मधोमध बघा. काळं दिसायला पाहिजे. पांढरं किंवा राखाडी दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. ऑपरेशननं बरं होतं, पण वेळेत झालं तर. तिला नऊ आठवडे झालेत.

मोनालीला रागावू नका. तिनं माझ्यापासून लपवलं, याचा अर्थ तिला कळलंय.

मी नामकरणाला आले नाय म्हणून मनात काही धरू नका.

मुक्ताबाई

*

उस्मानपुरा
११ जानेवारी २०२६

आत्याबाई,

जयभीम. मला पत्र लिहायची सवय नाही, समजून घ्या.

माऊलींनी गुरुवारी पत्र दिलं. शुक्रवारी रजा टाकली. बाळाला खिडकीत घेतलं. तुम्ही लिहिलं तसंच होतं. दोन्ही डोळ्यांत. मी दोन महिने रोज तिला बघतोय, पण बहुतेक झोपलेलीच बघतोय. एवढं मोठं समोर असून मला दिसलं नाही.

मम्मी म्हणाल्या, घारेच आहेत, एवढ्याशा जिवाला दवाखान्यात नेऊ नको. पहिल्यांदाच मी त्यांना आवाज चढवून बोललो. मला वाटलं मोनाली त्यांच्या बाजूनं बोलेल. पण ती आत गेली आणि बाळाची पिशवी भरून चपला घालून दारात उभी राहिली.

गादी उचलली तेव्हा पाळण्यात तुमचा काळापांढरा तुकडा सापडला, घडी घातलेला. मी विचारलं. ती म्हणाली, रोज दुपारी मम्मी झोपल्या की मी हा तिच्यापुढं धरते. पत्र आलं त्या दिवसापासून रोज. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, उद्या बघेल, असं रोज वाटायचं. तुमचं शेवटचं पत्रही तिनं त्याच घडीत ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून बघितलं, थेंब घालून पुन्हा बघितलं. जन्मजात मोतीबिंदू, दोन्हीकडं. उशीर झालाय, पण फार नाही, असं म्हणाल्या. अजून पंधरा दिवस गेले असते तर 'फार नाही' असं म्हणता आलं नसतं. चौदा तारखेला उजवा डोळा, एकवीसला डावा. नंतर चष्मा. किती दिसेल ते आत्ता सांगता येत नाही म्हणाल्या.

नाव उत्पला ठेवलंय. मोनालीनं ठेवलं. तुम्हाला आम्ही कळवलंच नाही.

सम्यक

*

वैजापूर
१६ जानेवारी २०२६

मोनाली,

परवा उजवा डोळा झाला. दगडाबाईच्या मोबाईलवर सम्यकरावांचा निरोप आला, 'झालं, ठीक आहे.' तीन शब्द. मी तिचा मोबाईल हातात घेऊन ते तीनदा वाचले.

गोधडी तशीच पडलीय. मधी काय लावू ते कळंना, म्हणून चौकोन उसवून ठेवलाय. मी निघू का? तू म्हणशील तर निघते. तू नको म्हणालीस तरी मला राग नाय. पण काहीतरी लिही.

उत्पला. नाव लई गोड आहे.

आत्या

*

उस्मानपुरा
८ फेब्रुवारी २०२६

आत्या,

जयभीम. तीन आठवडे रोज पत्र लिहायला बसते आणि उठते. दर दोन तासांनी थेंब, डोळ्यावर हात जाऊ नये म्हणून तिचे हात धरून बसायचं, आणि मधल्या वेळात मी खोलीत येरझारा घालते. पण खरं कारण ते नाही. कुठून सुरुवात करू तेच कळत नव्हतं.

तुकडे मी दाखवले होते. तू समजतेस तसा कंटाळा केला नव्हता. तीन दिवस दाखवले. पिवळा, केशरी, पोपटी, सगळे. ती माझ्या हाताच्या पलीकडं कुठंतरी बघत होती. तिसऱ्या दिवशी मी सगळे तुकडे पाकिटात कोंबले आणि पाकीट कपाटात टाकलं. तुला पत्र लिहायला बसले तेव्हा पहिला रंग आठवला तो लिहिला. त्यात लाल होता की नाही, मी कशाला बघतेय. तुझ्या पत्रात ते वाचलं तेव्हा मला वाटलं, मी पळून जावं कुठंतरी.

आत्या, मला पाचव्या आठवड्यातच कळलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू दवाखाना म्हणाली असतीस, आणि तिथं कुणीतरी ते नाव उच्चारलं असतं. मी न सांगता राहिले तोवर ते नव्हतंच. असं मी धरून चालले. मम्मी घारे म्हणायच्या आणि मी मान हलवायचे, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पाच आठवडे मी असे घालवले. कागदावर वय लिहिताना डॉक्टरीणबाई जरा थांबल्या, ते मी बघितलं. तू कृष्णाबद्दल लिहिलंस. माझंही तसंच होणार होतं. तू सम्यकला लिहिलंस म्हणून झालं नाही. तेव्हा तुझा एवढा राग आला होता, आणि आता तुझ्याशी बोलायला तोंड नाही.

दोन्ही डोळे झाले. बुधवारी चष्मा आला. एवढासा आहे, भिंगं जाड, मागं इलास्टिकचा पट्टा. दुकानातल्या माणसानं तो तिला लावला आणि म्हणाला, आता बाळाला समोर धरा.

मी धरलं. ती एकदम गप्प झाली. डोळे भिंगामुळं एवढे मोठे दिसत होते. ते आधी भिरभिर फिरले, मग हळूहळू थांबले. माझ्यावर थांबले, आत्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बघितलं. मी हसले. आणि ती घाबरून रडायला लागली. इतकी रडली की अंग ताठ केलं, मला ढकलायला लागली.  सम्यक म्हणाला, अगं, बोल तिच्याशी. तिनं तुला कधी बघितलेलंच नाही.

तेव्हा मी बोलले. काय बोलले तेही आठवत नाही, घरी चल, कुकर लावू, असलंच काहीतरी. ती रडता रडता थांबली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. ओठांकडं. तिला आवाज ओळखीचा होता आणि तो या परक्या तोंडातून कसा येतोय ते तिला कळत नव्हतं. मी बोलत राहिले. दुकानातून बाहेर येईपर्यंत, रिक्षात, घराच्या पायऱ्या चढेपर्यंत बोलत राहिले. गप्प बसले की पुन्हा ओठ काढायची.

आता चार दिवस झाले. चष्मा ओढून काढते, मी पुन्हा लावते, दिवसाला पन्नास वेळा. मम्मी दोन दिवस तिच्याजवळ आल्याच नाहीत. काल आल्या आणि तासभर तिचे दोन्ही हात धरून बसल्या. पुढं काय होईल ते डॉक्टरीणबाई अजूनही सांगत नाहीत. दर महिन्याला जायचंय. चष्म्याचा नंबर बदलत राहील. सगळं स्वच्छ दिसणार नाही, पण दिसेल, एवढं म्हणाल्या.

गोधडीची नक्षी मात्र बदलावी लागेल. बारीक शंकरपाळे नकोत, तिला ते एकात एक मिसळल्यासारखे दिसतील. वीत वीत तुकडे कर आणि शेजारी शेजारी एकदम वेगळे रंग लाव. काळ्याजवळ पिवळा, निळ्याजवळ पांढरा. काठ निळाच ठेव, पण रुंद. मखमल घाल, ती मला आवडते. घुंगरू नको. मधल्या चौकोनात कोणता रंग ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

अर्धवट असली तरी ती घेऊन तू ये. सोळा तारखेच्या सोमवारी सकाळच्या गाडीनं निघ, सम्यक स्टँडवर येईल. तो पहिल्या पाळीला नाही.

फक्त एक कर. आल्या आल्या तिच्यापुढं वाकू नकोस. आधी दारात उभी राहा आणि बोल. काहीही बोल, तुझं नाव सांग, प्रवासाचं सांग. ती मान वळवेल. मग बोलत बोलतच जवळ ये.

मोनाली